जोर लावावा लागला की मशीन खाली ठेवा

परवा एक मुलगा माझ्याबरोबर कामाला होता, येऊन दहा-बारा दिवस झाले असतील, हाताला चांगला आहे, सांगितलेलं ऐकतो पण. त्याला ड्रिल मशीनने एसएसच्या (स्टेनलेस स्टीलच्या) ६ एमएम जाड पट्टीत १० एमएमची चार होलं मारायला दिली आणि मी पलीकडे वेल्डिंगला बसलो. थोड्या वेळाने किंचाळल्यासारखा आवाज यायला लागला. हेल्मेट वर करून बघतो तर हा अख्खं अंग मशीनवर टाकून उभा, पाय मागे रोवलेले, दात आवळलेले, बिटच्या टोकाशी धूर आणि होल जेमतेम १ एमएम खाली गेलेलं. त्या आवाजात ओरडून काही उपयोग नव्हता, जाऊन प्लग काढला. बिट निळं-काळं पडलेलं, कोपरे गोल झालेले, आणि पट्टीवर होलच्या जागी आरशासारखा चकचकीत डाग. त्याने दुसरं कोरं बिट लावलं, तेही त्या डागावर नुसतं फिरत राहिलं. तो म्हणाला, दादा, बिटं डुप्लिकेट आहेत. बिटं चांगली होती.

एसएस म्हणजे आपण नेहमी वापरतो ते ३०४, त्याची खोड अशी आहे की ते घासलं गेलं की त्या जागी कडक होत जातं. बिट कापतंय तोवर ठीक, पण नुसतं घासायला लागलं की प्रत्येक फेऱ्याला वरचा थर अजून कडक होतो, मग बिट अजून कमी कापतं, मग माणूस अजून जोर लावतो, मग अजून गरम होतं, आणि या फेऱ्यात एकदा शिरलात की कोरं बिटसुद्धा मिनिटाभरात जातं. आम्ही शेवटी पट्टी उलटी केली, मागच्या बाजूने मार्किंग करून सेंटर पंच मारला, मशीन पहिल्या गिअरवर, ट्रिगर अर्धाच दाबलेला, कटिंग ऑइलचे थेंब, आणि दोन्ही हातांनी एकसारखा दाब. लांब लांब वळ्या निघायला लागल्या. चारही होलं त्याच दुसऱ्या बिटने झाली, ज्याला तो डुप्लिकेट म्हणत होता.

इतकी वर्षं लोखंड, लाकूड आणि भिंत तिन्हीमध्ये काम करून माझं एक मत पक्कं झालंय, की पॉवर टूल हातात असताना अंगाचा जोर लावायची वेळ आली तर कुठेतरी काहीतरी चुकतंय. बिट बोथट आहे, किंवा स्पीड चुकलाय, किंवा मशीनच त्या कामाचं नाहीये, किंवा वस्तू नीट पकडलेली नाही, किंवा लाइट कमी येतेय. जोर लावून ती चूक झाकली जाते आणि मग ती बिट, मोटर किंवा आपला हात यांच्यापैकी कुणावर तरी निघते. आता दाब अजिबात नको असं नाही हं. एसएसमध्ये तर हात हलका ठेवला तरी बिट घासतंच आणि तेच होतं. माझी खूण साधी आहे, दाब थोडा वाढवला की कीस वाढला पाहिजे. दाब वाढवला आणि कीस तेवढाच, नुसता आवाज आणि उष्णता वाढली, की मशीन खाली ठेवायचं आणि बघायचं.

ड्रिलचंच आधी पूर्ण करतो कारण सगळ्यात जास्त बिटं स्पीडमुळे जळतात. साध्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिटला एमएसमध्ये, म्हणजे साध्या लोखंडात, मिनिटाला साधारण २५ मीटर कटिंग स्पीड मानतात, म्हणजे बिटची कड एका मिनिटात २५ मीटर अंतर कापते असं. ते गणित दरवेळी कोण करणार, म्हणून मी सोपं करून ठेवलंय, ८००० ला बिटच्या एमएमने भागायचं. १० एमएमचं बिट म्हणजे ८०० आरपीएम (मिनिटाला फेरे), ५ एमएम म्हणजे १६००, ४ एमएम म्हणजे २०००. एसएसला ८००० च्या जागी ३००० धरायचे, म्हणजे १० एमएमला ३०० आरपीएम. आता विचार करा, हातातलं ड्रिल मशीन ट्रिगर पूर्ण दाबला की आरामात २५०० च्या वर पळतं, म्हणजे एसएसमध्ये आपण बिटला आठपट स्पीडने पळवतोय आणि वर म्हणतोय की बिट टिकत नाही. अ‍ॅल्युमिनियमला उलट स्पीड दुप्पट-अडीचपट चालतो पण तिथे कीस बिटच्या खोबणीत चिकटून बसतो, म्हणून मधेमधे बिट बाहेर काढायचं आणि थोडं रॉकेल किंवा ऑइल लावायचं.

मोठं होल असलं की आधी बारीक होल मारायचं हे सगळ्यांना माहीत असतं पण का ते फार कमी जण सांगतात. बिटचं टोक नीट बघा, अगदी मध्यभागी धार नसतेच, तिथे दोन धारांच्या मध्ये एक छोटी आडवी पट्टी असते. ती कापत नाही, ती नुसती लोखंड दाबून बाजूला सारते. आपला बहुतेक जोर त्या पट्टीसाठी जातो. म्हणून आधीचं बारीक होल त्या आडव्या पट्टीच्या रुंदीपेक्षा जरासं मोठं असलं की पुरे, १२ एमएमच्या होलाला ३ किंवा ४ एमएमचं. काही जण ४, मग ६, मग ८, मग १०, मग १२ असं चढत जातात, त्यात बिटचे फक्त बाहेरचे कोपरे काम करतात आणि तेच आधी जळतात, शिवाय होल पार होताना बिट अडकून मशीन मनगट पिळून टाकतं. १३५ अंशाचं स्प्लिट पॉइंट बिट मिळतं त्यात ही मधली पट्टी घासून धार काढलेली असते, ते एसएसला छान बसतं, कोबाल्ट घेतलं तर अजून चांगलं, एम ३५ म्हणजे ५ टक्के कोबाल्ट आणि एम ४२ म्हणजे ८ टक्के. साधं बिट ११८ अंशाचं असतं. स्वतः धार लावत असाल तर दोन्ही धारा सारख्या लांबीच्या झाल्या पाहिजेत, एक लांब एक आखूड झाली की होल मापापेक्षा मोठं पडतं. कीस दोन्ही खोबणीतून सारखा वर येतोय का बघा, एकाच बाजूने येत असेल तर धार तिरकी लागलीये.

होल पार होताना मात्र हात सैल करायचाच. शेवटच्या अर्ध्या एमएममध्ये बिट एकदम धरतं. छोटी पट्टी हातात धरून होल मारणं मी माझ्याकडे पूर्ण बंद केलंय, व्हाइस किंवा सी-क्लॅम्प, तिसरा पर्याय नाही. आणि उभ्या ड्रिल मशीनवर हातमोजे घालून काम करू देत नाही, सुरुवातीला लोकांना आश्चर्य वाटतं, पण फिरणाऱ्या बिटला मोज्याचं टोक लागलं की ते मोजासकट बोटं गुंडाळून घेतं, हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. कीस ब्रशने काढायचा. चक म्हणजे बिट पकडणारा जबडा, त्याची चावी चकमध्ये ठेवून एक सेकंदसुद्धा हात सोडायचा नाही, आणि चक आवळताना तिन्ही भोकांतून चावी फिरवायची, एकाच भोकातून आवळलं की बिट लोडखाली सरकतं आणि दांड्यावर चरे पडतात.

होलात आटे पाडायचं हत्यार म्हणजे टॅप, तो तुटतो त्याचीही गोष्ट अशीच. टॅप तुटला की लोक म्हणतात टॅप कच्चा, पण दहातल्या आठ वेळा होल बारीक मारलेलं असतं आणि मग पाना लावून जोर केलेला असतो. बोल्टच्या मापातून पिच (दोन आट्यांमधलं अंतर) वजा करा, तेवढं होल. एम ६ ला पिच १ म्हणून ५ एमएम, एम ८ ला १.२५ म्हणून ६.८, एम १० ला १.५ म्हणून ८.५, एम १२ ला १.७५ म्हणून १०.२. हे चार आकडे मी भिंतीवर मार्करने लिहून ठेवलेत. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, तेल, आणि टॅप सरळ उभा आहे का ते दोन बाजूंनी गुण्या लावून बघायचं. हाताला स्प्रिंगसारखं वाटायला लागलं म्हणजे टॅप पिळला जातोय, तिथेच थांबायचं आणि उलटा फिरवायचा.

आता भिंतीकडे येतो. काँक्रीटमध्ये इम्पॅक्ट ड्रिल घेऊन घाम गाळणारी माणसं बघितली की खरंच वाईट वाटतं, कारण त्यांची मेहनत खरी असते पण मशीनच चुकीचं असतं. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दात्यांच्या चकत्या एकमेकांवर घासून टकटक करतात, मिनिटाला ४०,००० च्या वर ठोके, पण प्रत्येक ठोका अगदी हलका, आणि त्या चकत्या एकमेकांवर दाबल्या जाव्यात म्हणून मागून जोर द्यावाच लागतो. रोटरी हॅमरमध्ये वेगळंच चालतं. आत सिलिंडर असतो, मोटर एक पिस्टन पुढे-मागे करते, मध्ये हवेची गादी, आणि त्या हवेने एक मोकळा दांडा उडून बिटच्या मागे आपटतो. ठोके मिनिटाला चार-पाच हजारच, पण छोट्या २ किलोच्या मशीनमध्येसुद्धा प्रत्येक ठोका २ ते ३ जूलचा. म्हणून विटेला आणि प्लास्टरला इम्पॅक्ट ड्रिल चालतं, पण स्लॅबला, बीमला, कॉलमला रोटरी हॅमरच. त्यात तुम्ही मागून कितीही रेटलंत तरी ठोका वाढत नाही, उलट यंत्रणा दबून बसते आणि हाताला हादरे जास्त बसतात. मशीन सरळ धरायचं, बिट भिंतीला टेकलेलं राहील इतकाच दाब, बाकी ते आपलं आपण जातं.

रोटरी हॅमरला एसडीएस बिटं लागतात, एसडीएस प्लसचा मागचा दांडा १० एमएमचा, एसडीएस मॅक्सचा १८ एमएमचा. ते बिट चकमध्ये घट्ट बसत नाही, थोडं पुढे-मागे हलतं, नवीन माणसाला वाटतं ढिलं आहे, पण ते तसंच हवं कारण फक्त बिटला मार बसतो, चकला नाही. दांड्याला बोटभर ग्रीस लावा दरवेळी, नाहीतर आतली सिलं धुळीने जातात. चालता चालता आवाज एकदम टणक झाला, पुढे जाईना, तर सळई लागलीये. तिथे अजिबात रेटू नका, बिटच्या टोकाचं कार्बाइड तुटेल, आणि मुख्य म्हणजे बीमची किंवा कॉलमची सळई कापायचा आपल्याला अधिकार नाही, होल सरकवून घ्या. आणि अँकर (भिंतीत पक्का बसवायचा बोल्ट) टाकायच्या आधी होलमधली धूळ काढाच, फुंकणी, ब्रश, परत फुंकणी. केमिकल अँकर धुळीला चिकटून बसतो, भिंतीला नाही, आणि मग लोड आल्यावर आख्खा बाहेर येतो. (फुंकणी म्हणजे पंप, तोंडाने फुंकू नका, सगळी धूळ डोळ्यात येते.)

ग्राइंडरबद्दल मला जरा जास्त बोलायचंय कारण सगळ्यात जास्त भीती मला याचीच वाटते आणि सगळ्यात जास्त वापरही याचाच. हे मशीन १९५४ साली जर्मनीत फ्लेक्स कंपनीने काढलं आणि तिकडे आजही लोक ग्राइंडरला फ्लेक्सच म्हणतात. एवढं जुनं मशीन, सगळ्यांच्या हातात असलेलं, पण त्याच्या टोकाला काय चाललंय याचा अंदाज फार थोड्यांना असतो. ४ इंची डिस्क ११,००० आरपीएमला फिरते तेव्हा तिची कड सेकंदाला जवळपास ५८ मीटर पळते, म्हणजे ताशी २०० किलोमीटरच्या वर. डिस्कवर ८० मीटर प्रति सेकंद असा आकडा छापलेला असतो, ती तिची हद्द, ताशी २८८ किलोमीटर. आता कुणीतरी गार्ड काढून ४ इंचीच्या मशीनवर ७ इंचाची डिस्क लावतो, खोल कापायचंय म्हणून. तीच ११,००० ला फिरली की कड १०० मीटरच्या वर जाते, आणि डिस्क फाडणारी ओढ स्पीडच्या वर्गाने वाढते, म्हणजे हद्दीच्या दीडपटीहून जास्त. ७ इंची डिस्क ८,५०० पर्यंतच्याच मशीनसाठी असते, ९ इंची साधारण ६,६०० पर्यंत. हे आकडे डिस्कच्या कागदावरच छापलेले असतात, वाचायला दहा सेकंद लागतात.

मी शिकत होतो तेव्हा शेजारच्या टेबलवर एक डिस्क फुटली होती. गार्ड नव्हता. तुकडा त्या माणसाच्या गालाला घासून मागच्या पत्र्यात रुतला, चष्म्याची एक काच चरली. चष्मा नसता तर डोळा गेला असता हे तिथे सगळ्यांना दिसलं. नंतर बघितलं तर डिस्क कटिंगचीच, १ एमएमवाली, आणि तो माणूस त्या डिस्कने वेल्डचा फुगा घासत होता, आडवी धरून. कटिंग डिस्क कडेवर चालते, बाजूने दाब सहन करायला ती बनलेलीच नाही. घासायला ६ एमएमची ग्राइंडिंग डिस्क किंवा फ्लॅप डिस्क, आणि तीही २०-३० अंशात तिरकी. डिस्क बदलायला एक मिनिट लागतं. मला तो पत्रा अजून आठवतो, म्हणून मी ते मिनिट देतो.

डिस्कच्या मधल्या पितळी किंवा पत्र्याच्या रिंगवर महिना आणि वर्ष छापलेलं असतं, ती तिची मुदत, बनवल्यापासून साधारण ३ वर्षं. आतला रेझिन ओलाव्याने कमजोर होतो म्हणून डिस्का ओल्या फरशीवर, गाडीच्या डिकीत पान्यांखाली अशा ठेवायच्या नाहीत, सपाट आणि कोरड्या जागी ठेवायच्या. नवीन डिस्क लावली की अर्धा-एक मिनिट मोकळी फिरवायची, तोंड आणि माणसं डिस्कच्या रेषेतून बाजूला ठेवून. पडलेली डिस्क मी वापरत नाही, वाया गेली तर गेली.

कापताना ग्राइंडर उडतो तो बहुतेक वेळा काप मिटल्यामुळे. पाइप दोन्ही टोकांना टेकवून मधे कापला की कापता कापता तो मधून खाली झुकतो आणि डिस्कला चिमटा बसतो. म्हणून जो तुकडा पडणार आहे तो मोकळा लटकत ठेवायचा, म्हणजे काप उघडत जातो. डिस्क तिरकी करून वळवायची नाही, सरळ रेषेतच. दाब किती? तर आवाज ऐका. मोकळ्या फिरण्याचा आवाज आणि कापतानाचा आवाज यात थोडा फरक असावा, आवाज खूप खाली बसला म्हणजे तुम्ही मोटरला दाबताय. स्पीड पडला की डिस्क कमी कापते आणि जास्त झिजते, म्हणजे जोर लावून काम उलट उशिरा होतं. हे एकदा घड्याळ लावून करून बघा, एकसारखे दोन लोखंडी अँगल घ्या, एक रेटून कापा आणि एक मशीनच्या वजनावर. आणि कितीही घाई असली तरी ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी ब्लेड लावू नका. त्याला फटका बसला तर आवरणारं त्या मशीनमध्ये काहीही नाही.

बेंच ग्राइंडरचं दोन वाक्यांत सांगतो. दगड आणि रेस्ट (वस्तू टेकवायची पट्टी) यांच्यात ३ एमएमपेक्षा जास्त फट नको, नाहीतर छोटी वस्तू आत ओढली जाते, आणि नवा दगड चढवण्याआधी बोटात अडकवून लाकडी मुठीने हलकेच वाजवून बघायचा, टणत्कार आला तर चांगला, बद्द वाजला तर आत तडा आहे. अ‍ॅल्युमिनियम त्याच्यावर घासू नका, दगडाची छिद्रं भरून तो गुळगुळीत होतो, मग गरम होतो, मग तडकतो.

मोटरबद्दल. आपल्या वायरच्या मशीनमध्ये जी मोटर असते तिचा पंखा आर्मेचरवरच, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागावरच बसवलेला असतो. म्हणजे मोटरचा स्पीड पडला की करंट वाढतो, उष्णता वाढते, आणि नेमकी त्याच वेळी हवा कमी होते. रेटून काम करून मशीन गरम झालं आणि लगेच बंद करून ठेवलं तर आतली उष्णता आतच राहते आणि तारांवरचं वार्निश जळतं. त्यापेक्षा मिनिटभर मोकळं चालवा, मग बंद करा. हे मला खूप उशिरा कळलं, त्याआधी दोन आर्मेचर गेली होती.

दुसरं, एक्स्टेन्शन केबल. मशीनमध्ये दम नाही अशी तक्रार आली की मी आधी केबल बघतो. १ स्क्वेअर एमएमची तांब्याची ५० मीटर केबल घेतली तर जाऊन-येऊन १०० मीटर तार, तिचा रेझिस्टन्स साधारण १.८ ओहम. २२०० वॅटचं मशीन २३० व्होल्टला १० अँपिअरच्या जवळपास खेचतं, म्हणजे १८ व्होल्ट केबलमध्येच संपले. मशीन मंद चालतं, माणूस जोर लावतो, करंट अजून वाढतो. आणि ते संपलेले व्होल्ट जातात कुठे, तर १० अँपिअर गुणिले १८ व्होल्ट म्हणजे १८० वॅटची उष्णता त्या केबलमध्ये. केबल पूर्ण उलगडलेली असेल तर ती हवेत निघून जाते, ड्रमवर गुंडाळलेलीच ठेवली तर आतले वेढे वितळतात. २.५ स्क्वेअर एमएम घेतली तर तोच ड्रॉप ७-८ व्होल्टवर येतो. म्हणून लांबीला जाडी हवीच आणि ड्रम नेहमी पूर्ण उलगडायचा. जिथे पाणी आहे, ओल आहे तिथे ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीशिवाय (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) मी प्लग लावत नाही. मशीनवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर ते डबल इन्सुलेटेड, त्याला अर्थिंगची वायर नसते, ते बरोबरच आहे, पण म्हणून ते ओल्यात चालवा असा त्याचा अर्थ नाही.

मोटरला करंट पोचवणारे कार्बन ब्रश ५-६ एमएम उरले की बदलायचे आणि दोन्ही एकदम बदलायचे. व्हेंटमधून बघितलं तर बारीक निळसर ठिणग्या चालतात, पण गोल आगीचं कडं फिरताना दिसलं तर कार्बन संपलेत नाहीतर कॉम्युटेटर (आर्मेचरवरचा तांब्याचा भाग, ज्यावर कार्बन घासतात) खराब झालाय, तेव्हा अजून चालवून आर्मेचर घालवू नका. लोखंडाचा बारीक कीस व्हेंटमधून आत जातो, म्हणून आठवड्यातून एकदा मशीन मोकळं चालू ठेवून लांबून हवा मारायची, चष्मा लावून.

लाकडात जोराची खूण म्हणजे काळा डाग. सर्क्युलर सॉ ने कापलेल्या कडेला जळल्याचे डाग आले म्हणजे ब्लेड बोथट आहे किंवा दात्यांवर डिंक साठलाय, बरेचदा नुसतं साफ केलं तरी ब्लेड नव्यासारखं चालतं. ब्लेडचा दाता लाकडाखाली जेमतेम दिसेल इतकीच खोली ठेवायची. उभ्या रेषेत फाडायला २४ दात्यांचं आणि प्लायला, आडव्या कापाला ४० ते ६० चं. हातातलं सर्क्युलर सॉ खालून वर कापतं, जिग सॉ पण, म्हणून प्लायची चांगली बाजू खाली ठेवा, टेबल सॉ वर उलटं, चांगली बाजू वर. टेबल सॉ चा मागचा रायव्हिंग नाइफ लोक अडचण होते म्हणून काढून ठेवतात, तोच तर कापलेली फट मिटू देत नाही, आणि फट मिटली की फळी छातीवर येते.

बॅटरीच्या मशीनला लोक विचारतात १८ व्होल्ट घेऊ की २० व्होल्ट. दोन्ही एकच, आत ५ सेलची रांग, प्रत्येकी ३.६ धरले तर १८ आणि पूर्ण चार्ज झाल्यावर मोकळ्यात ४ च्या वर जातात म्हणून २०. बघायचं असेल तर अँपिअर-अवर बघा. काम करून गरम झालेली बॅटरी लगेच चार्जरवर लावू नका, आणि महिनाभर वापरायची नसेल तर अर्धी चार्ज करून थंड जागी ठेवा. बॅटरीच्या मशीनला रेटलं तर ते बंद पडतं, ते आतलं सर्किट बॅटरी वाचवतंय, परत परत ट्रिगर दाबून त्याच्याशी भांडू नका.

ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्यांना आता समोरचं बोलणं दोनदा सांगावं लागतं आणि थंडीत त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं पांढरी पडतात, मुंग्या येतात, शर्टाचं बटण लावता येत नाही. आयुष्यभर ग्राइंडर आणि काँक्रीट फोडायचा ब्रेकर. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, त्याच्यावर प्रत्येक ३ डेसिबलला वेळ अर्धा होत जातो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं, आणि लोखंडावर ग्राइंडरचा आवाज त्याच्याच आसपास असतो. कानात बोळे घालायला काही लागत नाही, मी चक चावीच्याच दोरीला ते बांधून ठेवलेत. बोटांचं जरा वेगळं. मूठ जितकी घट्ट आणि मागून दाब जितका जास्त तितके हादरे हातात जास्त शिरतात. म्हणजे बोथट छिन्नी, डगमगणारी डिस्क, वाजणारं बेअरिंग, हे सगळं बोटांच्या नसांवर जातं. युरोपात दिवसभराच्या हादऱ्यासाठी ५ मीटर प्रति सेकंद वर्ग अशी कायद्याने मर्यादा आहे आणि २.५ ला मालकाने उपाय सुरू करायचे असतात. आपण निदान मशीनच्या पुस्तकात हा आकडा बघून घ्यावा, दोन मशीनमध्ये निवडायचं असेल तर कमी आकड्याचं घ्यावं, आणि हात गार पडू देऊ नयेत.

धुळीचं मला फार मनापासून सांगायचंय. काँक्रीट, ग्रॅनाइट, टाइल कापताना जी धूळ उडते त्यातली दिसणारी धूळ त्रासदायक असली तरी खरी वाईट ती न दिसणारी, काही मायक्रॉनची सिलिका, ती फुप्फुसात खोल जाऊन बसते आणि सिलिकोसिस झाला की तो बरा होत नाही, त्यावर औषध नाही. किचन ओट्याचा जो कृत्रिम क्वार्ट्झ दगड येतो त्यात सिलिका ९० टक्क्यांच्याही वर असू शकते, त्याने तरुण कारागीर इतके आजारी पडले की ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून तो दगड वापरण्यावरच बंदी घातली. तोंडाला रुमाल बांधून यातलं काहीच अडत नाही. पाणी सोडून कापा, ओलं कापायला जमत नसेल तर व्हॅक्युम लावा आणि एन ९५ किंवा एफएफपी २ च्या वरचा मास्क, नाकावरची पट्टी दाबून, दाढीच्या फटीतून हवा शिरणार नाही असा. लाकडाचा भुसा निरुपद्रवी वाटतो, पण तोही कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे, सिलिकासारखाच.

त्या मुलाला काल परत एसएस दिलं, या वेळी ८ एमएमची होलं. त्याने आधी ३००० ला ८ ने भागलं, मोबाइलवर, ३७५ आलं, मग मला विचारलं की ट्रिगर किती दाबला की ३७५ होतात ते कसं कळणार. खरं सांगायचं तर त्याला पक्कं उत्तर नाही, मशीनवर किती आरपीएम लिहिलंय ते बघून अंदाज लावायचा आणि बिटवर मार्करने एक खूण करून ती फिरताना डोळ्याला दिसतेय का बघायचं, सेकंदाला सहाएक फेरे म्हणजे खूण जेमतेम दिसते. त्याने खूण केली. तिसऱ्या होलाला मधेच थांबला, बिट बाहेर काढून टोक बघितलं, तेल टाकलं आणि परत सुरू केलं. मी काही बोललो नव्हतो.